लायनर नवे, तरी हँडब्रेक ढिला: पिकअपच्या मागच्या ब्रेकच्या नोंदी

रविवार, ३ ऑगस्ट २०२५

गाडी चुलत भावाची, म्हणजे आमच्या दादाची. पिकअप, पुढे डिस्क मागे ड्रम, हँडब्रेक दोन सीटच्या मधे लिव्हरचा, तिथून केबल मागच्या दोन्ही ड्रमला. दिंडोरी तालुक्यातून टोमॅटो पिंपळगावला टाकायचे हेच तिचं सध्याचं काम. जुलैत मागचे लायनर (ब्रेक दाबल्यावर ड्रमला आतून घासणारं अस्तर) संपले म्हणून नाशिकमधे द्वारकाकडच्या एका गॅरेजला नवे टाकले, लायनर सेट १४५० आणि मजुरी ६००.

पहिले दोन-चार दिवस पायाचा ब्रेक एक नंबर होता. मग पेडल रोज थोडं थोडं खाली जायला लागलं आणि हँडब्रेक तर थेट कोपरापर्यंत वर यायला लागला. आज मोजलं तर लिव्हर बारा टिक (ओढताना टकटक होते ते खाचे) घेतेय आणि तरी म्हसरूळच्या आमच्या गल्लीच्या उतारावर रिकामी गाडी हळूहळू सरकते. साधारण पाच ते सात टिकमधे गाडी धरली पाहिजे, नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, आपापल्या गाडीच्या बुकात बघून घ्या.

बाजार समितीच्या रांगेत माल भरलेली गाडी दर पाच मिनिटाला दोन हात पुढे घ्यावी लागते, तिथे हँडब्रेक नसला की दादाचा पाय ब्रेकवरून हलत नाही. उद्या तो परत गॅरेजला दाखवणार आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट

गॅरेजवाल्याने गाडीखाली जाऊन केबलचा नट आवळला, शंभर रुपये घेतले, पाच मिनिटाचं काम. लिव्हर चार टिकवर आली, दादा खूश.

आज दादा पेठला रोपं पोचवून येत होता, सावळघाटात गाडी जड जड वाटली, गिअर काढला की लगेच थांबायला बघायची. घरी आला तेव्हा डावीकडून करपल्याचा वास येत होता. ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकले तर चर्रर्र करून उडाले. उजवीकडे तेच थेंब टाकले तर नुसते ओघळले. म्हणजे डावा ब्रेक सोडतच नव्हता आणि उजवा काही करत नव्हता. घाटातून आलाय म्हणून ड्रम तापला असता तर दोन्ही सारखे तापले असते ना.

गाडी उभी केली. राखीपौर्णिमा असल्याने आज कुठे कोण भेटणार नाही, उद्या आपणच उघडायचं ठरलं. शेजारचे नाना एसटीच्या डेपोतून रिटायर झालेत, आयुष्य ब्रेकमधे गेलं त्यांचं, ते येतो म्हणाले.

रविवार, १० ऑगस्ट

सकाळी सपाट जागेवर गाडी घेतली, पहिला गिअर टाकला, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून मागून दगड लावले. मागचे ब्रेक उघडायचे म्हणजे हँडब्रेक सोडलेला असणार, त्यामुळे गाडी फक्त दगडांवर आणि गिअरवर असते आणि मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे गिअरचाही भरवसा राहत नाही. दगड चांगले मोठे घ्या, विटेचे तुकडे नको. जॅकवर उचलून एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावली, नुसत्या जॅकवर काम करू नका.

नानांनी आधी गाडीखाली जाऊन केबलचा नट पूर्ण सैल करायला लावला. लायनर बदलतानाच हे व्हायला पाहिजे होतं. ड्रममधलं शू (लायनर चिकटवलेली अर्धगोल पट्टी) आणि ड्रमचं अंतर आधी, केबल सगळ्यात शेवटी. उलटं केलं की काय होतं ते आमच्या गाडीत दिसलंच: शू लांब राहिलेत म्हणून केबलने ओढून जवळ आणले की आतला हँडब्रेकचा लिव्हर जागेवर बसत नाही, शू कायम थोडे फाकलेले राहतात आणि ऑटो अॅडजस्टर (लायनर झिजेल तसे शू आपोआप ड्रमजवळ नेणारा आट्याचा दांडा) पण नीट काम करत नाही. वरून टिक कमी दिसतात म्हणून वाटतं काम झालं.

नट सैल केल्यावर उजवं चाक मोकळं फिरलं. डावं अजून घासतच होतं. चाक काढलं पण ड्रम निघेना, कारण ड्रमच्या कडेला झिजून ओठ आलाय आणि शू फाकलेले, ते ओठाला अडकतात. अशा वेळी बॅकप्लेटच्या (ड्रममागची पत्र्याची थाळी) मागचं रबरी बूच काढून आतली चांदणी, म्हणजे अॅडजस्टरचं दातेरी चाक, फिरवायची म्हणजे शू आत येतात. एका बारीक स्क्रू ड्रायव्हरने अॅडजस्टरची पट्टी उचलून धरायची आणि दुसऱ्याने चांदणीचे दात ढकलायचे.

इथेच गंमत झाली. पट्टी उचलून सैल करायच्या दिशेने आठ-दहा दात फिरवले तर ड्रम अजून टाईट. मला वाटलं दिशा चुकतेय, पण ती पट्टी चांदणीला एकाच दिशेने सहज फिरू देते, त्या दिशेने शू बाहेर जायला पाहिजेत. आमच्याकडे त्या दिशेने फिरवलं तर शू आत येत होते. नाना गाडीखालून डोकं काढून म्हणाले, "बाळा, डाव्याचा उजव्याला बसलाय बघ."

तशीच चांदणी फिरवत शू आत घेतले आणि ड्रमवर जी दोन आटे पाडलेली भोकं असतात त्यात ८ एमएमचे दोन बोल्ट आलटून पालटून आवळले, ड्रम सुटून आला. हातोड्याने ठोकत बसू नका, बिडाचा ड्रम असतो, कड तुटते.

अॅडजस्टर हातात घेतल्यावर कळलं. डाव्या आणि उजव्या चाकाच्या अॅडजस्टरचे आटे उलटसुलट असतात, एक सरळ आट्याचा आणि एक उलट्या आट्याचा. दिसायला सख्खे भाऊ. डाव्या चाकातून निघालेल्या अॅडजस्टरवर बारीक अक्षरात "आर" ठोकलेलं होतं, डिझेलने पुसल्यावर दिसलं. म्हणजे गॅरेजवाल्याने दोन्ही बाजू एकदम उघडल्या, सगळं सामान एकाच तसराळ्यात टाकलं आणि बसवताना हाताला लागेल तो बसवला. मग प्रत्येक वेळी ब्रेक मारला आणि पट्टीने चांदणीचा एक दात ढकलला की शू जवळ यायच्या ऐवजी अजून लांब. पेडल रोज खाली का जात होतं त्याचा हिशोब लागला.

म्हणून कितीही घाई असली तरी एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुन्याला बंद ठेवा, आणि स्प्रिंग काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या. उघडल्यावर लायनरच्या भुकटीवर कॉम्प्रेसरची हवा मारू नका, जुन्या लायनरमधे अॅस्बेस्टॉस असू शकतं, ते छातीत जाणं चांगलं नाही. आम्ही तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून काढलं.

संध्याकाळ झाली. पण अॅडजस्टर उलटे असल्याने ब्रेक ढिला होईल, एकच चाक जाम कशाने होईल? तो प्रश्न राहिलाच होता. डाव्या शूच्या लिव्हरमधून केबलचं टोक काढलं आणि हाताने ओढलं, आली, सोडलं, तर तिथेच राहिली. उजवी बाजू न उघडता खालून ओढून बघितली, सोडल्या सोडल्या स्प्रिंगने झटकन परत गेली. डावी केबल पाट्याला (मागच्या लीफ स्प्रिंगला) घासून वरचं आवरण फाटलंय आणि तिथूनच पुढे तिचा झोका खाली येतो, पावसाचं पाणी तिथेच साचणार आणि आत गंज.

सोमवार, ११ ऑगस्ट, रात्री

केबलचे पैसे वाचवायचा प्रयत्न. केबल काढून उभी टांगली, वरच्या टोकाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा बांधून त्यात पातळ ऑइल ओतलं, खालून तांबडं पाणी निघालं, मग पुढे मागे ओढत बसलो. तासाभरात लोण्यासारखी चालायला लागली. फोटो पण काढला.

मंगळवार, १२ ऑगस्ट

सकाळी परत अर्ध्यात अडकली. आतल्या तारेचे एक-दोन पदर तुटलेले बोटाला लागत होते. संध्याकाळ फुकट, ऑइल फुकट. आवरण फाटलेली केबल असेल तर या भानगडीत पडू नका, ती सुटली तरी पुढच्या पावसात परत तेच करणार.

गुरुवार, १४ ऑगस्ट

नवी केबल ७८०. दुकानदार आधी दुसऱ्या मॉडेलची देत होता, चार बोटं लांब भरत होती. जुनी केबल सोबत नेली होती म्हणून काउंटरवरच दोन्ही शेजारी धरून कळलं. स्प्रिंग आणि पिनांचं किट ३५०, कारण डावीकडच्या स्प्रिंगा तापून निळ्या पडल्यात, तशा स्प्रिंगा ओढत नाहीत.

उजवा ड्रमही आज काढला, डावी बाजू तोवर फोटो बघून अर्धी जोडून ठेवलेली. दोन्ही ड्रम अंबडला लेथवर नेले. ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा ओतलेला असतो, आधी तो बघायचा आणि त्याच्या आतच कातायचं, आकड्याच्या पुढे गेलेला ड्रम भंगारात. आमच्याकडे जागा होती. ओठ काढून आतून हलका हात मारून घेतला, दोन्हीचे ४००. दोन्ही सारखेच कातून घ्या, एक कातला एक तसाच ठेवला तर गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

डावे लायनर तापून काचेसारखे चकचकीत झाले होते. तडे नव्हते, ऑइल लागलेलं नव्हतं, म्हणून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवली. नाना म्हणाले चालतील. तडे असते तर टाकून दिले असते.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

सुट्टी असल्याने आज पूर्ण बसवू असं वाटलं होतं.

डावी बाजू झाली. बॅकप्लेटवर शू जिथे टेकतात तिथे खड्डे पडले होते, कानसीने साफ करून उष्णता सहन करणारं ग्रीस नखाएवढं लावलं. अॅडजस्टर अदलाबदल करून आपापल्या बाजूला. बसवायच्या आधी प्रत्येकाची परीक्षा घेतली: चांदणी पट्टीच्या दिशेने फिरवली की लांबी वाढली पाहिजे. वाढली.

उजवीकडे शू काढून सफाई चालू होती तेवढ्यात दादाचा पोरगा केबिनमधे जाऊन बसला आणि गाडी चालवायला लागला, म्हणजे पेडल दाबलं. शू नाहीत, ड्रम नाही, व्हील सिलेंडरचा (ऑइलच्या दाबाने शू बाहेर ढकलतो तो) पिस्टन टुणकन बाहेर आणि ब्रेक ऑइलची धार नानांच्या चपलेवर. नशीब शू लांब पेपरवर ठेवले होते, लायनरने ऑइल प्यायलं असतं तर ते नवे आणावे लागले असते. ब्रेक ऑइल रंग पण खातं, मडगार्डवर उडालेलं लगेच पाण्याने धुतलं.

मग सगळंच वाढलं. सिलेंडरचं रबर किट १२०, सुट्टी असल्याने ते मिळायला अर्धी पंचवटी फिरलो. डॉट ४ ब्रेक ऑइल अर्धा लिटर २२०. सिलेंडर आतून बघितला तर एक बारीक खड्डा दिसला, बोटाला जेमतेम लागेल एवढा. नाना तोंड वाकडं करून म्हणाले, "बसव, पण लक्ष ठेव यावर." किट टाकून बसवला. ब्रेकच्या नळीत शिरलेली एअर काढता काढता अंधार पडला. ड्रम उघडा असताना केबिन लॉक करा आणि चावी खिशात ठेवा.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज खरं अॅडजस्टिंग. केबल अजून सैलच आहे हे परत एकदा हाताने हलवून बघितलं आणि दोन्हीकडे आतला हँडब्रेक लिव्हर शूच्या कडेला पूर्ण टेकलाय हे ड्रम चढवायच्या आधी बघितलं. तो टेकला नसेल तर पुढचं सगळं खोटं पडतं.

ड्रम चढवून दोन नटांवर धरला, बुचाच्या भोकातून चांदणी फिरवत गेलो, ड्रम हाताने फिरेना इतका. मग पट्टी उचलून एकेक दात मागे, ड्रम फिरेल आणि कुठेतरी हलकी सळसळ येईल तिथपर्यंत. मग नानांनी केबिनमधे बसून पेडल दाबलं सोडलं, बऱ्याचदा, म्हणजे शू आपोआप मधोमध बसतात. परत फिरवून बघितलं तर डावं सैल झालेलं, आणखी दोन दात. सळसळ एकाच जागी येते म्हणजे ड्रम किंचित अंडाकृती, तेवढं चालतं. पूर्ण फेरीत घासत असेल तर अजून एक दात मागे. दोन्ही बाजूंचा हाताला लागणारा जोर सारखा होईपर्यंत वेळ गेला, पण पेडल तिथेच वर आलं, केबलला अजून हातही लावला नव्हता.

आता केबल. नटाचे आटे आधी तारेच्या ब्रशने साफ केले, नाहीतर नट फिरतो तशी केबलही पीळ खाते, म्हणून टोक पकडीने धरून १२ च्या पान्याने नट आवळला. नवी केबल पहिल्यांदा ताणली की थोडी बसते, त्यामुळे आधी हँडब्रेक जोरात दहा-बारा वेळा ओढून सोडला, मग मोजायला घेतलं. पूर्ण सोडलेला असताना दोन्ही चाकं मोकळी, दुसऱ्या-तिसऱ्या टिकला हलकं घासायला लागलं पाहिजे, सहाव्याला चाक दोन्ही हातांनी हलता कामा नये.

डावं पाचव्याला धरत होतं आणि उजवं आठव्याला. दोन केबल जिथे एकत्र येतात ती पट्टी तिरकी झाली होती. तिचं काम हेच की एका बाजूला जास्त ताण आला तर फिरून दुसऱ्या बाजूला द्यायचा, पण मधल्या पिनेत माती आणि गंज. पिन काढून घासली, ग्रीस लावलं, पट्टी काटकोनात आली आणि दोन्ही चाकं सहाव्या टिकला. इथे नट आवळून भागवता आलं असतं, डावं परत घासलं असतं एवढंच. शेवटी लॉक नट.

चाकाचे नट समोरासमोरचे आवळत गेलो, गाडी खाली घेतल्यावर परत एकदा. सीटखालचा हँडब्रेकच्या दिव्याचा स्विच वाकला होता, पहिल्या टिकला दिवा लागेल असा सरळ केला.

रविवार, १७ ऑगस्ट

रिकामी गाडी गल्लीच्या उतारावर, तोंड खाली करून. मागे-पुढे वीतभर अंतर सोडून दगड ठेवले, म्हणजे सुटली तरी लांब जाणार नाही, आणि दादा केबिनमधेच बसलेला. पाच टिकला धरली. मग तोंड वर करून, इथे सहा लागल्या. दोन्ही तोंडांनी बघाच, खूप जण एकाच बाजूने बघून सोडून देतात.

दुपारी मालासकट. २० किलोचे ६० कॅरेट म्हणजे १२०० किलो, त्याच उतारावर सात टिक, हलली नाही. पिंपळगावला जाऊन आल्यावर लगेच दोन्ही ड्रमला हात लावून बघितला, दोन्ही सारखेच कोमट, वास नाही.

दादाला दोन गोष्टी सांगितल्यात. पावसात गाडी धुऊन रात्रभर हँडब्रेक ओढून ठेवायची नाही, लायनर ड्रमला गंजाने चिकटतात आणि सकाळी गाडी हलत नाही किंवा लायनरच उपटतो. सपाटीवर गिअर आणि दगड बास. आणि घाट उतरून ड्रम तापलेले असताना लगेच जोरात हँडब्रेक ओढायचा नाही, ड्रम गार होताना आकसतो आणि शू आत आवळून बसतात.

रविवार, ७ सप्टेंबर

मधे साडेचारशे-पाचशे किलोमीटर झाले, काल मंडळाचं विसर्जन पण याच गाडीत झालं, गोदेकाठी गर्दीत उतारावर गाडी नुसत्या हँडब्रेकवर पोरांच्या वजनासकट उभी होती.

आज मोजलं, लिव्हर सहाची आठ टिक झालीय. हे अपेक्षित होतं. नवे लायनर सुरुवातीला ड्रमला सगळीकडे टेकत नाहीत, उंच भाग आधी घासतो आणि जागा करून बसेपर्यंत अंतर वाढतं. दादा म्हणाला केबल एक फेरा आवळू का. केबलला हात न लावता दोन्हीकडची बुचं काढली, डावीकडे दोन दात आणि उजवीकडे तीन, पेडल मारलं, लिव्हर परत सहावर. अॅडजस्टर आता बरोबर दिशेने चालतोय हे पण यात कळलं, पट्टीने स्वतःहून काही दात पुढे घेतले होते, मी बसवल्यावर खडूने खूण केलेली जागा सरकलेली होती.

आमचा खर्च झाला २०२०, म्हणजे केबल, स्प्रिंग किट, लेथ, सिलेंडर किट, ब्रेक ऑइल आणि ग्रीस-पॉलिश पेपरचे १५०. गॅरेजला आधी दिलेले २१५० वेगळे. नानांनी पैसे घेतले नाहीत, चपलेचे तेवढे द्या म्हणाले, नवी आणून दिली.

एक काम राहिलंय. उजवीकडच्या बॅकप्लेटच्या खालच्या कडेला बोट फिरवलं तर ओलसर लागतं, वास ब्रेक ऑइलचा. तो खड्डा. सिलेंडर पूर्ण नवा सांगून ठेवलाय, आला की उजवा ड्रम परत उघडायचा आणि लायनरपर्यंत ऑइल गेलंय का ते बघायचं, तोवर दादाला सांगितलंय की रोज सकाळी ऑइलच्या डबीतली पातळी बघ आणि घाटाची भाडी घेऊ नको.